सोलर बोट घ्याल, पण दुरुस्त कोण करणार?



सोलर आणि बॅटरीवर चालणाऱ्या बोटींचे व्हिडिओ हल्ली सगळीकडे फिरतात. खाली प्रश्न एकच, सबसिडी किती? आम्हाला त्याआधीचा प्रश्न मोठा वाटतो. बिघडली तर हात कोण लावणार?

केरळात वायकमला ७५ प्रवाशांची 'आदित्य' ही सौर फेरीबोट जानेवारी २०१७ मध्ये सुरू झाली. म्हणजे हे आता खेळणं राहिलेलं नाही. तरी ट्रॉलरवाल्यांनी घाबरायला नको. ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ४.८ युनिट वीज. एक लिटर डिझेल जाळून इंजिनाच्या शाफ्टला मिळतं साधारण ३ ते ४ युनिट. एवढी मोठी बॅटरी म्हणजे जेमतेम दीड लिटर डिझेल! आठवडाभर खोल समुद्रात राहणारा ट्रॉलर त्यावर चालायचा नाही. नदीत, खाडीत जाळं टाकून परतणारी होडी मात्र चालू शकते.

आपला मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून सांगतो, नोझल गेला की पंप. बॅटरी आवाज करत नाही. तिथे मीटर लावावा लागतो आणि आकडा वाचता यावा लागतो. पॅनलवर ऊन आहे तोवर तारेत वीज आहे. मेन स्विच पाडला तरी पॅनलपासून स्विचपर्यंतची तार जिवंतच. डीसी करंटची ठिणगी घरातल्या विजेसारखी चटकन तुटत नाही, पेटत राहते. त्यात आपली खारी हवा. जोड हिरवा पडला की तापायला लागतो, आणि आग बहुतेक तिथूनच लागते. घरात पंखे बसवणाऱ्याला हे आपोआप येईल असं समजू नका.

शिकायची सोय आहे. केंद्र सरकारचं 'सूर्यमित्र' प्रशिक्षण २०१५ पासूनचं. दहावीनंतर इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर असा आयटीआय केलेल्यांसाठी, ६०० तासांचं. आता हिशेब बघा. आपली मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस. रविवारसुद्धा न सोडता रोज ८ तास बसलं तरी ४८८ तास भरतात. बंदी उठल्यावर पोरगं वर्गात बसेल की बोटीवर जाईल, ते तुम्हीच सांगा. शिवाय शिकवतात ते मुख्यतः छपरावरचं सोलर. होडीचा हेलकावा आणि खारं पाणी त्यात नाही.

म्हणून आमचं मागणं असं: अभ्यासक्रम दोन पावसाळ्यांत वाटून द्या, आणि होडीवरचं वायरिंग, बॅटरीची पेटी, पाणी शिरल्यावर काय करायचं, हे आपल्या जवळच्या आयटीआयमध्ये शिकवा. जुन्या मिस्त्रींनाही बसू द्या, आयटीआयचा कागद नसला तरी. त्यांच्याइतकी समुद्राची माहिती दुसऱ्या कुणाला नाही.

गोव्याच्या ट्रॉलरवर आज बहुतेक खलाशी ओडिशा, झारखंड, कर्नाटकातले. आपली पोरं बोटीवरून उतरली, ते काही आम्ही नव्याने सांगायला नको. निदान दुरुस्तीचं काम तरी गावात राहावं.

ज्यांच्या घरात आयटीआय झालेला मुलगा किंवा मुलगी आहे, किंवा कुणी मिस्त्रीकाम करतो, त्यांनी नाव, ट्रेड आणि गाव संस्थेच्या कार्यालयात लिहून द्यावं. अर्ज यादीसकट करायचा आहे.