‘कोयता’ : एक शब्द आणि ओळख पडताळण्याचे कर्तव्य

नवीन माणसास कामावर घेताना तो कोण आहे व ते काम करण्यास पात्र आहे की नाही, याची खातरजमा करण्याचे दायित्व कायदा मालकावर टाकतो. पात्रतेचा अर्थ मात्र देशपरत्वे बदलतो. अमेरिकेत 1986 च्या कायद्यानुसार प्रत्येक नव्या नोकराची कागदपत्रे पाहून मालकास विहित नमुना भरावा लागतो. तेथे प्रश्न असतो तो त्या देशात काम करण्याच्या परवानगीचा. आपल्याकडे नागरिकास असा परवाना लागत नाही. म्हणून आपल्या कारखानदारापुढे मुख्यत्वे दोनच प्रश्न उरतात : हा माणूस कोण, आणि याचे वय काय? दोन्ही प्रश्न एकेका माणसाविषयी आहेत, हे सांगण्याची आवश्यकता एरवी भासली नसती. राहुरी परिसरातील उसाच्या फडात ती भासते.

साखर कारखान्याच्या आवारात यंत्रावर काम करणाऱ्या फिटरची ओळख कागदोपत्री पक्की असते. 1948 च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगारांची नोंदवही आवश्यक ठरविली होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने तर प्रत्येक कर्मचाऱ्यास नियुक्तिपत्र देणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. त्याच कारखान्यासाठी ऊस तोडणारी स्त्री या व्यवस्थेत कोठे बसते?

मुळा धरणाच्या पाण्यावर पोसलेला येथील ऊस तोडण्यासाठी बीड जिल्ह्यातून, तसेच आपल्याच जिल्ह्यातील पाथर्डी-शेवगावकडून टोळ्या येतात. त्यांची भरती मुकादमामार्फत होते. उचल आगाऊ दिली जाते. आणि मोजणी होते ती ‘कोयत्यां’ची. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा माणूस आला तर तो ‘अर्धा कोयता’.

काव्यशास्त्रात लक्षणेचे उदाहरण म्हणून ‘भाले आत शिरतात’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या शिकविले जाते. तेथे भाले म्हणजे भालेधारी पुरुष. ‘कोयता’ वरवर त्याच जातीचा प्रयोग वाटतो, पण एक भेद दृष्टीआड करता येत नाही. भाल्यामागे एकेक माणूस उभा आहे. कोयत्यामागे दोघे आहेत, आणि त्या दोघांतील एकच व्यवहारात बोलतो. सामान्यतः पुरुष ऊस तोडतो, स्त्री मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. उचल मात्र बहुधा पुरुषाच्या नावावर लिहिली जाते. लक्षणेने येथे अर्थ सूचित करण्याऐवजी एक व्यक्ती झाकून टाकली आहे. ‘अर्धा’ हे विशेषण तर त्याहून बोलके आहे. या गणितात पूर्णांक जोडीचा. माणूस हा अपूर्णांक.

याचा परिणाम केवळ शब्दकोशापुरता राहत नाही. फडात अपघात झाला आणि भरपाई मागण्याची वेळ आली की, ती स्त्री तेथे कामास होती हेच प्रथम सिद्ध करावे लागते. वयाचेही तसेच. 2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवणे सर्वच व्यवसायांत निषिद्ध झाले आहे. परंतु आईबापांबरोबर कोपीवर राहणारे मूल मोळी उचलू लागते तेव्हा त्याला कोणी ‘नेमलेले’ नसते, आणि ज्याला नेमलेले नाही त्याचे वय विचारण्याची जबाबदारी कोणीच आपली मानीत नाही.

येथे मालक कोण, हा प्रश्नही संदिग्ध राहतो. कारखाना करार करतो तो तोडणी-वाहतुकीचा. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवितो. नव्या संहितेतील कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी पन्नास वा अधिक कामगार असलेल्या कंत्राटदारास लागू होतात. पन्नास माणसे म्हणजे पंचवीस कोयते. लहान मुकादम या मर्यादेच्या आतच राहतो. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियमाने कामगारास छायाचित्र लावलेली पासबुक देणे कंत्राटदारास बंधनकारक केले होते. तिच्यातील मजकूर हिंदी व इंग्रजीत, आणि कामगाराची भाषा वेगळी असल्यास त्याही भाषेत असावा, अशी तरतूद होती. भाषाभ्यासकास ती कौतुकास्पद वाटेल. मात्र तिचा लाभ बीडहून कर्नाटकात जाणाऱ्यास मिळू शके, राहुरीस येणाऱ्यास नव्हे. कारण त्याने राज्याची सीमा ओलांडलेली नसते.

2021 मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रे देण्याची योजना आखली. हे ओळखपत्र व्यक्तीचे असते, जोडीचे नव्हे, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट. परंतु ते मिळते कामगाराच्या मूळ गावी, आणि देतो तो ग्रामसेवक. काम देणारा नव्हे. मुकादमाशी होणाऱ्या बोलीत आजही विचारले जाते ते ‘किती कोयते?’ एवढेच.