घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

फेब्रुवारी २०२२मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचं मुंबईत निधन झालं. डॉक्टरांनी सांगितलेलं कारण अनेकांनी तेव्हा प्रथमच ऐकलं: स्लीप अ‍ॅप्निया.

या विकारात झोपेत घशाचे स्नायू सैलावतात आणि श्वासमार्ग बंद होतो. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागं करतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. आजार तीव्र असेल तर हे तासाला ३० किंवा त्याहून जास्त वेळा घडतं, आणि सकाळी माणसाला त्यातलं काहीच आठवत नाही! उरतं ते जड डोकं, दिवसभराची पेंग आणि हळूहळू वाढणारा रक्तदाब. घरच्यांना मात्र अशा माणसाचं घोरणं शांत झोपेची खूण वाटतं.

प्रौढांना रोज किमान ७ तास झोप हवी, किशोरवयीनांना ८ ते १०. या रुग्णांना मात्र ९ तास झोपूनही विश्रांती मिळत नाही.

उपाय आहे. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१मध्ये नाकावाटे दाबाने हवा सोडून श्वासमार्ग उघडा ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आजचं सीपॅप यंत्र त्याच तत्त्वावर चालतं. वजन घटवणं, कुशीवर झोपणं, रात्रीची दारू टाळणं यांनीही फरक पडतो. घोरणारा माणूस मध्येच गप्प होऊन धापा टाकत असेल, तर स्लीप स्टडी लांबणीवर टाकू नये. ही तपासणी आता अनेकांना घरच्या घरीही करता येते.