गोल्फच्या काठ्यांचा मिश्र संच : वजन तेच, वागणूक वेगळी

गोल्फ हा आपल्याकडे फार थोड्यांच्या वाट्याला येणारा खेळ आहे. तसा तो आपल्या देशाला नवा नाही. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ साली सुरू झाला आणि ब्रिटनबाहेरच्या सर्वांत जुन्या क्लबांत त्याची गणना होते. तरीही बहुतेक शाळांतील मुलांनी गोल्फची काठी हातात धरलेली नसते. मग शिक्षकांसाठीच्या या मासिकात तिचा विचार कशाला? कारण अकरावी-बारावीला शिकवले जाणारे गुरुत्वमध्य, संवेग आणि जडत्व-परिबल हे तीनही विषय या एका काठीत एकत्र येतात. शिवाय 'शिकाऊ खेळाडूने कोणत्या काठ्या घ्याव्यात?' या व्यवहारातल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या आधारे बरेचसे हिशेबाने देता येते.

काठ्यांची ओळख

नियमानुसार खेळाडूला पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात. त्यांपैकी साधारण निम्म्या 'आयर्न' प्रकारच्या असतात. आयर्नच्या दांड्याच्या टोकाला पोलादी 'डोके' असते. चेंडूला भिडणाऱ्या त्याच्या सपाट बाजूला आपण 'तोंड' म्हणू. हे तोंड उभ्या रेषेपासून मागे कललेले असते आणि या कलाला 'लॉफ्ट' म्हणतात. काठ्यांना ३ किंवा ४ पासून ९ पर्यंत क्रमांक असतात आणि त्यापुढे 'पिचिंग वेज' येते. क्रमांक एकाने वाढला की लॉफ्ट ३ ते ५ अंशांनी वाढतो, दांडा सुमारे अर्धा इंच आखूड होतो आणि डोके सुमारे ७ ग्रॅमने जड होते. ३ क्रमांकाचे डोके साधारण २४० ग्रॅमचे असते, तर ९ क्रमांकाचे २८० ग्रॅमच्या पुढे जाते. लहान क्रमांकाच्या काठीने चेंडू खालून आणि दूर जातो, मोठ्या क्रमांकाच्या काठीने तो उंच उडून जवळ पडतो.

चेंडूचे वस्तुमान ४५.९३ ग्रॅमहून अधिक आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरहून कमी असून चालत नाही. कललेल्या तोंडामुळे चेंडूला उलटी गिरकी मिळते. या गिरकीमुळे हवा चेंडूला वर उचलते, हे एडिंबरोचे भौतिकशास्त्रज्ञ पी. जी. टेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गणिताने दाखवून दिले होते.

वस्तुमान कडेला नेले की काय होते?

जुन्या पद्धतीच्या आयर्नचे डोके म्हणजे एक भरीव पाते असे. चेंडू पात्याच्या बरोबर मध्यावर बसला तर फटका उत्तम, पण दीड-दोन सेंटिमीटर बाजूला बसला तर डोके हातात वळत असे. कार्स्टन सोलहाइम या जनरल इलेक्ट्रिकमधील यंत्र-अभियंत्याने या अडचणीकडे अभियंत्याच्या नजरेने पाहिले. १९५९ साली त्याने 'पिंग' नावाची काठी बनवली. चेंडू हलकेच ढकलून खळग्यात घालण्यासाठी ती होती आणि तिचे वस्तुमान डोक्याच्या दोन टोकांना वाटलेले होते. पुढे हीच कल्पना आयर्नमध्ये आली. पात्याच्या पाठीमागचे मधले पोलाद काढून ते कडेला आणि तळाला दिले, म्हणजे पाठ खोलगट झाली. क्रिकेटच्या वाचकांना १९७४ मध्ये आलेली ग्रे-निकल्सची 'स्कूप' बॅट आठवेल. तिच्याही पाठीवरचे लाकूड मध्यभागी कोरून काढलेले होते.

याने साधते काय, हे वर्गात दाखवणे सोपे आहे. एक फूटपट्टी घ्या. सारख्या वजनाचे दोन खोडरबर तिच्या मध्याशी एकमेकांना लागून दोऱ्याने बांधा. पट्टी मध्यावर धरून मनगटाने डावी-उजवीकडे झपाझप फिरवा. आता तेच खोडरबर दोन टोकांना बांधून तसेच करा. वजन तितकेच, पण पट्टी फिरायला नाखूष असल्याचे हाताला लगेच कळते. डोंबारी दोरावर चालताना लांब काठी आडवी धरतो, ती याच कारणासाठी. वस्तूच्या फिरण्याला होणाऱ्या या विरोधाचे माप म्हणजे जडत्व-परिबल. प्रत्येक कणाचे वस्तुमान गुणिले त्याच्या अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग, आणि या सर्वांची बेरीज.

थोडा हिशेब

चेंडू आणि तोंड यांचा संपर्क सुमारे अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग टिकतो. एवढ्या वेळात दांडा आणि खेळाडूचे हात यांचा आघातावर जवळजवळ काही परिणाम होत नाही. कॉक्रन आणि स्टॉब्स यांचा १९६८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत प्रसिद्ध आहे. डोक्याजवळ बिजागरी बसवलेल्या काठीनेही चेंडू जवळपास तितकाच दूर गेला, असे त्यांना आढळले. म्हणून आघातापुरते डोके सुटे आहे असे धरता येते.

चेंडू गुरुत्वमध्यापासून बाजूला d अंतरावर लागला, तर डोक्याची काही गती फिरण्यात खर्च होते. त्यामुळे डोके हलके असल्यासारखे वागते. डोक्याचे वस्तुमान M आणि जडत्व-परिबल I असेल, तर या परिणामी वस्तुमानाचे सूत्र असे आहे :

१/परिणामी वस्तुमान = १/M + d²/I

M = २५० ग्रॅम धरू. भरीव पात्यासाठी I = २२०० आणि खोलगट पाठीसाठी २८०० ग्रॅम-वर्ग सेंटिमीटर घेऊ. चेंडू दीड सेंटिमीटर बाजूला लागला, तर भरीव पाते १९९ ग्रॅमचे असल्यासारखे वागते आणि खोलगट डोके २०८ ग्रॅमचे. आता चेंडूचा वेग (१ + चेंडूचे वस्तुमान ÷ परिणामी वस्तुमान) या राशीच्या व्यस्त प्रमाणात असतो. आकडे घातले की मध्यावरच्या फटक्याच्या तुलनेत भरीव पात्याने ३.८ टक्के आणि खोलगट पाठीने ३.० टक्के वेग कमी होतो. १४० मीटरच्या फटक्यात हा फरक एखाद-दुसऱ्या मीटरचा आहे. जाहिराती वाचून होणाऱ्या समजुतीपेक्षा तो पुष्कळच लहान आहे.

दिशेच्या बाबतीत लाभ जरा अधिक दिसतो. डोक्याचा वेग सेकंदाला ३३ मीटर असेल, तर चेंडू सुटेपर्यंत भरीव पाते सुमारे २ अंशांनी वळते, खोलगट पाठीचे सुमारे दीड अंशाने. १४० मीटरवर एका अंशाची चूक म्हणजे जवळजवळ अडीच मीटर, हे लक्षात घेतले की अर्ध्या अंशालाही किंमत येते.

आता सूत्रातल्या वर्गाकडे पाहा. फटका दीडऐवजी अर्धा सेंटिमीटर बाजूला बसला, तर d² नऊपट लहान होतो. वेगातील घटही जवळजवळ नऊपट कमी होऊन अर्ध्या टक्क्याच्या आत येते. मग डोके कोणते, याला फारसा अर्थ उरत नाही. म्हणजे खोलगट पाठीचा उपयोग किती, हे काठीइतकेच खेळाडूच्या चुकीच्या आकारावर ठरते. मिश्र संचाचे सारे तर्कशास्त्र या एका वाक्यात आहे.

लांब काठीची दुहेरी अडचण

लांब दांड्याच्या काठीने चेंडू नेमका मध्यावर घेणे अवघड असते, म्हणून तिथे d मोठा असतो. दुसरी अडचण उंचीची आहे. जमिनीवरच्या चेंडूला कललेले तोंड कुठे भिडते? r ही चेंडूची त्रिज्या आणि θ हा लॉफ्ट असेल, तर स्पर्शबिंदूची जमिनीपासूनची उंची r(१ − sin θ) येते. २१ अंशांच्या लॉफ्टला ती फक्त १४ मिलिमीटर आहे. भरीव पात्याचा गुरुत्वमध्य साधारण याहून वर असतो. त्यामुळे आघाताने डोके किंचित पुढे झुकते, लॉफ्ट कमी होतो आणि चेंडू आणखी खालून जातो. ज्याच्या फटक्याला पुरेसा वेग नाही, त्याचा चेंडू नीट उंच उडतच नाही. पाठीचे पोलाद तळाला नेले की गुरुत्वमध्य खाली येतो आणि ही अडचण हलकी होते.

८ आणि ९ क्रमांकांच्या काठ्यांत परिस्थिती उलटी आहे. दांडा आखूड, म्हणून चूक लहान. लॉफ्ट मुळातच भरपूर, म्हणून उंचीची चिंता नाही. उलट रुंद तळाचे अवजड डोके दाट गवतात अडखळते आणि चेंडू गरजेपेक्षा उंच जाऊन वाऱ्याच्या ताब्यात सापडतो. म्हणून सुधारणाऱ्या खेळाडूने ४, ५, ६ या काठ्या खोलगट पाठीच्या आणि ८, ९, वेज या आटोपशीर डोक्याच्या घेणे शास्त्राला धरून आहे.

सांधा कुठे घालायचा?

येथे मात्र एक फसगत दडलेली आहे. काठीवरचा क्रमांक हे नाव आहे, माप नव्हे. खोलगट पाठीच्या संचांत गुरुत्वमध्य खाली असल्याने चेंडू उंच जातो. याचा फायदा घेऊन कारखानदार लॉफ्ट कमी ठेवतात, म्हणजे त्याच क्रमांकाची काठी अधिक लांब मारते आणि गिऱ्हाईक खूश होते. उदाहरणादाखल दोन संच घेऊ.

खोलगट : ५ – २३ अंश, ६ – २६, ७ – ३०, ८ – ३५, ९ – ४०
आटोपशीर : ५ – २७ अंश, ६ – ३१, ७ – ३५, ८ – ३९, ९ – ४३

पहिल्या संचातील ६ क्रमांकानंतर दुसऱ्यातील ७ घेतली, तर लॉफ्ट २६ वरून एकदम ३५ वर जातो. नऊ अंशांची ही उडी दोन काठ्यांएवढी आहे. मधल्या अंतरासाठी पिशवीत काठीच उरत नाही. पहिल्यातली ७ (३० अंश) आणि पुढे दुसऱ्यातली ७ (३५ अंश) घेतली, तर सांधा बरोबर जुळतो. दोन्हींवर सातचाच आकडा आहे, म्हणून बिचकण्याचे कारण नाही.

दुसरा उपाय म्हणजे लॉफ्ट वाकवून घेणे. मऊ कार्बन पोलाद ठोकून घडवलेली डोकी एक-दोन अंश सहज वाकवता येतात. ओतीव, कठीण स्टेनलेस पोलादाची डोकी वाकवणे जिकिरीचे असते. सांध्यावर दांड्याची लांबी, वजन आणि लवचीकता यांचा क्रमही तुटू देऊ नये, नाहीतर हाताला प्रत्येक वेळी नवी सवय करावी लागते. तयार मिश्र संचांत ही जुळणी बहुधा केलेली असते. सुट्या काठ्या जमवणाऱ्याने मात्र मोजमाप स्वतः तपासून घ्यावे.

सांधा कोणत्या क्रमांकाशी असावा, हे दुकानदारापेक्षा प्रयोगाने ठरवणे चांगले. तोंडावर टाल्कम पावडरचा पातळ थर द्यावा, प्रत्येक काठीने दहा-बारा चेंडू मारावेत आणि उमटलेल्या ठिपक्यांचे मध्यापासूनचे अंतर मोजावे. ठिपके अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास जमत असतील, तर आटोपशीर डोके पुरेसे आहे. ते दीड सेंटिमीटरपर्यंत विखुरत असतील, तर खोलगट पाठ हवी. वर्षभर सराव झाला की ठिपके एकत्र येऊ लागतात, मग सांधा एका काठीने खाली सरकवता येतो. महागडे भरीव पाते घेतल्याने कोणी निष्णात होत नाही, आणि सोपी काठी वापरण्यात कमीपणाही नाही.

वर्गात करण्यासारखे

१. वरील सूत्रात d = १ सेंटिमीटर घालून दोन्ही डोक्यांसाठी वेगातील घट काढा.

२. ४४ अंशांच्या लॉफ्टसाठी स्पर्शबिंदूची उंची काढा आणि २१ अंशांच्या उत्तराशी ताडून पाहा.

३. बॅटवर खडूची पूड लावून रबरी चेंडूने वीस फटके मारा. ठिपक्यांची सरासरी जागा आणि त्यांचा विखुर मोजा. सरासरी मध्यावर असूनही विखुर मोठा असू शकतो का, याची चर्चा करा. खेळ कोणताही असो, साधन निवडताना या दोहोंपैकी कोणता आकडा अधिक उपयोगी पडेल, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.