राक्षसाची पुरवणी

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ सालचा अमेरिकी खेळ. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि निकाल फासे लावतात. मूळ संचात तीन पुस्तिका होत्या. पुढच्याच वर्षी 'ग्रेहॉक' ही पहिली पुरवणी आली. १९७६च्या चौथ्या पुरवणीत भारतीय देवही दाखल झाले.

१९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या खेळाच्याच पुस्तकातला राक्षस मात्र भलताच साहेबी: वाघाचं डोकं, अंगात कोट, हातात पाइप. मंतरलेला बाण लागला की खलास!

खानदेशातला राक्षस खादाड. जळगाव जिल्ह्यातलं एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, अशी इथली समजूत. भीमानं बकासुराला लोळवलं ते जवळच्या पद्मालयाच्या रानात, असं सांगतात. गाडाभर भात, दोन रेडे आणि गाडा हाकणारा माणूस, हा बकासुराचा रतीब.

परत खेळाकडे: त्याच्या २०२२च्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' या पुस्तकात १३ साहसकथा आहेत. त्यातली मिमी मंडल यांची कथा बंगालच्या मातीतली. २०२३पासून खेळाच्या नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. श्रेय देऊन कोणीही त्यावर पुरवणी छापू शकतं, अगदी खानदेशातल्या अहिराणीतसुद्धा.