मोरीचं काम आणि 11 जून

जुलै 2018 मध्ये नालासोपारा स्थानकात रूळ पाण्याखाली गेले आणि वसई-विरार दरम्यानच्या लोकल थांबल्या. त्यामुळे मे महिन्यात कुठेही रस्ता खोदलेला दिसला की इथला माणूस विचारतो, पावसाआधी होणार का हे? उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही. एका कागदावर ते मांडता येतं.

कामांचं जाळं

समजा, रस्त्याखालून नवी मोरी टाकायची आहे. वाहतूक पोलिसांची परवानगी 12 दिवस, मग खोदकाम 8, मग तळाचं काँक्रीट 5. सिमेंटचे पाईप मागवून आणायला 20 दिवस, पण ते पहिल्या दिवसापासूनच मागवता येतात. काँक्रीट आणि पाईप दोन्ही तयार झाल्यावर पाईप बसवणं 4 आणि भराव-डांबर 6. प्रत्येक काम एका चौकोनात लिहा. जे आधी व्हायलाच हवं, तिथून पुढच्याकडे बाण काढा.

आता वाटा मोजा. परवानगीची वाट: 12+8+5+4+6, म्हणजे 35 दिवस. पाइपांची वाट: 20+4+6, म्हणजे 30. सगळ्यात लांब वाट हाच क्रिटिकल पाथ. पाईप 5 दिवस उशिरा आले तरी बिघडत नाही. परवानगी एक दिवस लांबली की अख्खं काम एक दिवस लांबतं.

1 मेला सुरुवात केली तर 4 जूनला रस्ता मोकळा. मुंबई परिसरात मान्सून पोचण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून. परवानगी आठवडाभर रखडली की शेवटचा दिवस नेमका तोच येतो.

घाई कुठे करायची

जेसीबी वाढवण्याआधी परवानगीमागे लागावं, असं माझं ठाम मत आहे. कामाच्या फलकावर काँक्रीटचे दिवस दिसतात, टेबलावरच्या फाइलचे दिसत नाहीत. जाळ्यात मात्र त्यांनाही चौकोन द्यावाच लागतो. परवानगी 12 ऐवजी 6 दिवसांत मिळाली तर तिची वाट 29 दिवसांची होईल. पण काम 30 दिवस घेईलच, कारण आता पाइपांची वाट लांब ठरली. 6 दिवस वाचवले, हाती आले 5.

पद्धत कुठली

1957 च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीत ही पद्धत आकाराला आली. पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी तिची बहीण ‘पर्ट’ वापरली. तिच्यात प्रत्येक कामाला लवकरात लवकर, बहुधा आणि उशिरात उशिरा असे तीन अंदाज देतात. परवानगीसारख्या बेभरवशी कामाला तेच बरे.