डॉक्टरकाकांची भीती येते कुठून?

मुलांना वाटणारी डॉक्टरांची भीती वयानुसार रूप बदलते आणि लसीकरणाचे वेळापत्रक तिला प्रत्येक टप्प्यावर गाठते. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो. त्याच सुमारास बाळ अनोळखी चेहऱ्यांना बुजत असते. 16 ते 24 महिन्यांच्या डोसांच्या वेळी त्याला आईचा पदर सोडवत नाही. शाळाप्रवेशाच्या हंगामात, 5 ते 6 वर्षांच्या वयात, त्रिगुणी लसीचा दुसरा बूस्टर येतो. तोवर मागचे इंजेक्शन आठवून पुढच्याला घाबरण्याइतकी समज आलेली असते.

या भीतीला घर खतपाणी घालते. ‘जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील’ या धमकीने घास पोटात जातो, पण डॉक्टर म्हणजे शिक्षा हेही मनात पक्के होते. पल्स पोलिओच्या बूथवरून मात्र अशीच मुले दोन थेंब घेऊन, करंगळीवरची शाई मिरवत परततात. तिथे सुई नसते आणि सुईची धमकीही नसते.

धमकी बंद करणे हा म्हणूनच पहिला उपाय. दुसरा उपाय खरे सांगण्याचा. ‘काही दुखणार नाही’ हे आश्वासन सुई टोचताच खोटे ठरते आणि पुढच्या वेळी आईबाबांच्या शब्दावरही विश्वास उरत नाही. ‘चिमटा काढल्यासारखे वाटेल, मग थांबेल’ एवढे पुरते. घरी बाहुलीला तपासण्याचा खेळ खेळला, की छातीला लागणारा स्टेथोस्कोप परका राहत नाही.

प्रत्यक्ष टोचण्याच्या वेळेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये केलेल्या शिफारशी बिनखर्चाच्या आहेत. तान्ह्या बाळाला त्या वेळी किंवा जरा आधी अंगावर पाजावे. तीन वर्षांखालील मुलाला मांडीवर धरावे, त्याहून मोठ्याला बसवावे. सहा वर्षांपर्यंतच्या मुलाचे लक्ष खेळण्यात किंवा गप्पांत गुंतवावे. एकाच वेळी अनेक लसी असतील तर सर्वांत दुखणारी शेवटी द्यावी. चौघांनी हातपाय दाबून आडवे पाडण्याची आपल्याकडची रीत यात कुठेच बसत नाही.

10 आणि 16 व्या वर्षीच्या धनुर्वात-घटसर्पाच्या डोसावेळी काही मुलांना भोवळ येते; त्यांना डोसानंतर पंधरा मिनिटे बसवून ठेवावे.

रडणाऱ्याला ‘मुलगा असून रडतोस?’ असे हिणवू नये. तो हात न हलवता बसला, हे घरी सर्वांसमोर सांगावे. पुढच्या खेपेला मुलासोबत दवाखान्यात जाते ती हीच आठवण.