गोळीपेक्षा दोरीची झीज

नांदेडजवळ मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे, तर लातूरच्या चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे रायफलची नळी साफ करणारी फुलथ्रूची दोरी आणि चिंदी नित्याची. पण रायफलची नळी जितकी घासाल तितकी चांगली, हा समज खोटा आहे. गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा जिथे संपतात, ती तोंडाची कड एका बाजूने झिजली की गोळीमागचा वायू तिरका सुटतो आणि नेम ढळतो. जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या कित्येक नळ्या तिरक्या ओढलेल्या दोरीनेच वाया गेल्या.

पोलादाला सुती दोरी काय करणार, असे कुणी म्हणेल. दोरी नाही, तिला चिकटलेली धूळ कापते. आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात धुळीला काय तोटा! साफ करताना आधी मॅगझीन काढून, बोल्ट उघडून चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी खात्री करावी. मग धूळ पुसलेली दोरी चेंबरकडून सोडावी आणि तोंडातून अगदी सरळ ओढावी. मग सफाईच कमी करावी का? तसेही नाही. जुन्या काडतुसांच्या टोपीतून उरणारा क्षार ओल धरतो आणि नळी गंजवतो. तो तेलात विरघळत नाही, म्हणून पूर्वी नळीत उकळते पाणी ओतत. आजच्या बहुतेक काडतुसांना त्याची गरज नाही. चिंदी स्वच्छ निघाली की थांबावे, तेलाचा पातळ हात द्यावा आणि पुढच्या फायरिंगआधी ते तेल कोरड्या चिंदीने न विसरता पुसून काढावे.